टोपलीआधी ओळख हवी

गणपती बसल्याच्या दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध पंचमीला, महाराष्ट्रातल्या अनेक घरांत ऋषीची भाजी होते. बैलाच्या कष्टाचे त्या दिवशी खायचे नाही, हा या भाजीचा मूळ नियम. नांगर न फिरवता परसात हाताने लावलेले किंवा पावसाने आपोआप उगवलेले जे असेल ते एकत्र शिजवायचे. अळू, माठ, सुरण, भोपळ्याचा कोवळा पाला, पडवळ, मक्याचे कणीस. तेल-मसाला जवळजवळ नाही. वर्षातून एक दिवस शेती, बाजार आणि बैल या तिघांवाचून पोट भरून दाखवायचे, असा तो साधा पाठ होता. आज शहरांतल्या मंडईत या भाजीचा तयार वाटा बांधून मिळतो. त्यातली बहुतेक भाजी नांगरलेल्या, खत घातलेल्या शेतातूनच आलेली असते. चव राहिली आहे. त्यामागचा पाठ मात्र विसरला गेला आहे.

दुसरीकडे रानभाज्यांचे दिवस पुन्हा आले आहेत असे वाटावे, असे चित्र दर पावसाळ्यात दिसते. कृषी विभाग ऑगस्टमध्ये जिल्ह्याजिल्ह्यांत रानभाजी महोत्सव भरवतो. मोबाइलवर टाकळा, कुर्डू, करटोली यांच्या चित्रफिती फिरतात. शनिवार-रविवारी डोंगरात जाऊन भाजी खुडून आणण्याच्या सहली निघतात. शहर सोडून, चार गुंठ्यांत झोपडी बांधून, रानातले खाऊन साधे जगावे, अशी ओढही अनेकांना वाटते. ही ओढ चांगली आहे. मात्र तिच्यासोबत दोन समज हातात हात घालून येतात. रानातले ते सगळे औषधी, हा एक. आणि रानातले ते फुकट, हा दुसरा. दोन्ही समज अर्धवट आहेत. पहिल्यामुळे माणसे आजारी पडतात, क्वचित दगावतातही. दुसऱ्यामुळे रान उजाड होते आणि ज्यांनी हे ज्ञान शेकडो वर्षे सांभाळले त्यांच्या पदरात काहीच पडत नाही.

पानात काय असते आणि काय नसते

आधी चांगली बाजू पाहावी, कारण ती खरी आहे. जून-जुलै हा गावाकडे भाजीच्या टंचाईचा काळ. उन्हाळी भाजी संपलेली, पावसाळी भाजी अजून हाती न आलेली आणि बाजारातला भाव चढलेला. नेमक्या याच दिवसांत बांधावर, माळावर, डोंगराच्या उतारावर टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी, दिंडा, केना, पाथरी, घोळ, चिवळ उगवतात. त्यांची कोवळी पाने लोह, कॅल्शियम, फोलेट, बीटा कॅरोटीन आणि तंतुमय पदार्थ देतात. घोळ ही तर शेतात पायाखाली तुडवली जाणारी भाजी. तिच्यात अल्फा लिनोलेनिक आम्ल हे ओमेगा-३ गटातले मेदाम्ल पालेभाजीच्या मानाने भरपूर असते, याकडे आर्टेमिस सिमोपोलोस आणि नॉर्मन सेलम यांनी १९८६ मध्येच ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मधून लक्ष वेधले होते.

याहून मोठा फायदा विविधतेचा आहे. शहरातल्या सामान्य घरात आठवड्याला फिरून फिरून मेथी, पालक, कोबी, फ्लॉवर, बटाटा एवढेच येते. कातकरी, ठाकर, महादेव कोळी, वारली यांच्या घरांत पावसाळ्याच्या चार महिन्यांत पाने, कोंब, फुले, फळे, कंद आणि अळंबी मिळून कितीतरी प्रकार होतात. आहारातले वैविध्य म्हणजे एका अन्नातली उणीव दुसऱ्याने भरून काढणे. पोषणशास्त्राचा हा पाया त्या चुलींवर कुणी न शिकवता सांभाळला गेला.

महाराष्ट्रात ही गोष्ट महत्त्वाची का आहे, हे आकडे सांगतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीनुसार राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के स्त्रिया आणि सहा महिने ते पाच वर्षे वयाची सुमारे ६९ टक्के बालके रक्तक्षयी होती. अंगणाबाहेर लोहयुक्त पाला उगवतो आहे आणि अंगणात पांढुरक्या पापण्यांची पोरे खेळत आहेत, असे हे दृश्य आहे. १९३४ च्या अखेरीस वर्ध्यात ग्रामोद्योग संघ स्थापन झाल्यानंतर गांधीजींनी गावकऱ्यांच्या आहाराकडे लक्ष वळवले, तेव्हा हिरव्या पानांचा आग्रह त्यांनी याच कारणाने धरला होता. नव्वद वर्षांनंतरही तो आग्रह जुना झालेला नाही.

पण इथेच थांबून ‘रानभाजी खा, रक्त वाढवा’ असे फलक लावणे बरोबर नाही. पानातले लोह मांसातल्या लोहासारखे सहज शोषले जात नाही. त्यातली ऑक्सलेट, टॅनिन यांसारखी द्रव्ये आणि जेवणाबरोबर घेतलेला चहा ते आणखी अडवतात. लिंबू, आवळा यांतले क जीवनसत्त्व शोषणाला मदत करते. म्हणून पालेभाजीवर लिंबू पिळणे आणि जेवणानंतर तासभर चहा टाळणे या दोन साध्या सवयींचा उपयोग भाजीच्या नावापेक्षा अधिक होतो. जंतांचा उपद्रव असेल किंवा पाळीत रक्तस्राव फार होत असेल, तर नुसत्या पाल्याने रक्त भरून येत नाही. तिथे तपासणी आणि लोहाच्या गोळ्याच लागतात.

दुसरी गोष्ट ऊर्जेची. शंभर ग्रॅम पालेभाजीतून साधारण तीस-चाळीस कॅलरीच मिळतात. दिवसभर राबणाऱ्या माणसाला त्याच्या पन्नास-साठ पट लागतात. रानातले खाऊन जगणारे समाज कधीच नुसत्या पाल्यावर जगलेले नाहीत. त्यांच्या ताटात नाचणी-वरई असते, कंद असतात, मोहाची वाळवलेली फुले असतात आणि पावसाळ्यात खेकडे, चिंबोऱ्या, शेतात चढलेले मासे असतात. शहरी कल्पनेतला ‘रानातला आहार’ यातली प्रथिने आणि पिष्ट वगळून फक्त हिरवी पाने उचलतो. ब-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतींतून मिळत नाही, हेही त्यात विसरले जाते. म्हणून रानभाजी ही ताटातली मोलाची भर आहे. ती अख्खे ताट नव्हे.

कृती म्हणजेच रसायनशास्त्र

रानभाजीचे खरे ज्ञान पानात जेवढे आहे, त्याहून जास्त ते शिजवण्याच्या पद्धतीत आहे. याचे उत्तम उदाहरण म्हणजे शेवळे. पहिला पाऊस पडला की ठाणे, पालघर, रायगडच्या रानांत जमिनीतून सुरणाच्या कुळातल्या या वनस्पतीचा फुलोरा वर येतो. पान नंतर येते. वसई, दादर, पनवेलच्या बाजारात जूनमध्ये त्याच्या जुड्या दिसतात. त्यात कॅल्शियम ऑक्सलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. ते जिभेला, घशाला टोचतात आणि खाज सुटते. म्हणून आतला पिवळा दांडा काढून टाकायचा, उरलेले बारीक चिरायचे, भरपूर शिजवायचे आणि काकडाची आंबट फळे, चिंच किंवा आमसूल घालायचे. शेवळ्याच्या जुडीबरोबर काकडे विकायला ठेवणारी बाई गिऱ्हाइकाला सुरक्षिततेची सूचनाच देत असते. काकडे महाग पडतात म्हणून नुसती जुडी घेऊन जाणारा संध्याकाळी घसा धरून बसतो.

बांबूच्या कोवळ्या कोंबांत सायनाइड सोडणारे द्रव्य असते. ते पातळ चिरून, पाण्यात ठेवून, उघड्या भांड्यात उकळून ते पाणी टाकून दिले की धोका जातो. भारंगीचा पाला उकडून, पिळून त्याचा कडवटपणा काढतात. कडू कंदाच्या चकत्या राखेच्या पाण्यात उकळून रात्रभर वाहत्या ओढ्यात ठेवण्याची रीत सह्याद्रीतल्या अनेक आदिवासी पाड्यांवर आहे. त्यातली एक पायरी गाळली तर उलट्या-जुलाब ठरलेले. टाकळा आणि कुर्डू फुलावर येण्याआधीच, कोवळे असतानाच खुडायचे. पालेभाजी ताकात शिजवण्याची जुनी पद्धतही निव्वळ चवीसाठी नाही. ताकातले कॅल्शियम ऑक्सलेटला आतड्यातच बांधून ठेवते आणि ते रक्तात कमी जाते.

चित्रफितीत ही भाजी तीस सेकंदांत होते. लसणाची फोडणी, मूठभर पाला, वर खोबरे. उकडणे, पिळणे, पाणी फेकणे, आंबट घालणे या पायऱ्या दिसायला कंटाळवाण्या, म्हणून त्या कापल्या जातात. नेमकी तीच पिढ्यान्‌पिढ्यांची सुरक्षा चाचणी असते.

काहींनी अधिक सावध राहायला हवे. ऑक्सलेटचे मूतखडे झालेल्यांनी घोळ, अळू, माठ यांचे प्रमाण कमी ठेवावे, उकळलेले पाणी टाकावे. मूत्रपिंड निकामी होत चाललेल्यांना पालेभाजीतले पोटॅशियम मोजावे लागते. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफेरिन घेणाऱ्यांनी पालेभाज्या एकदम वाढवू नयेत, कारण त्यांतले क-जीवनसत्त्व नव्हे तर के-जीवनसत्त्व औषधाच्या उलट काम करते. करटोल्याची भाजी खाऊन मधुमेहाच्या गोळ्या बंद करणाऱ्यांना तर कुणीतरी जवळच्याने अडवायला हवे.

चुकीच्या ओळखीची किंमत

टाकळ्याचाच एक भाऊबंद आहे कासविंदा. दिसायला जवळचा, उकिरड्यावर, रस्त्याकडेला भरपूर वाढणारा. पश्चिम उत्तर प्रदेशात बिजनौर, सहारनपूर या भागांत अनेक वर्षे पावसाळा सरल्यावर लहान मुलांचा एक गूढ आजार येत असे. उलट्या, शुद्ध हरपणे आणि दोन-चार दिवसांत मृत्यू. तो विषाणूजन्य मेंदूज्वर समजला जात होता. बिजनौरचे बालरोगतज्ज्ञ डॉ. विपिन वशिष्ठ, विषाणुतज्ज्ञ डॉ. टी. जेकब जॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघरी चौकशी केली. २००७ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या संशोधनातून उलगडा झाला, की खेळताना मुले कासविंद्याच्या शेंगा सोलून बिया खात होती आणि त्या बियांतले विष यकृत, स्नायू आणि मेंदूवर आघात करत होते. लोकांना ही माहिती दिल्यावर आजार कमी होत गेला. याच बिया भाजून काही देशांत कॉफीसारखे पेय करतात. म्हणजे वनस्पती तीच असली तरी भाग कोणता, कच्चा की भाजलेला, खाणारा मोठा की चार वर्षांचा, यावर ते अन्न की विष हे ठरते.

कळलावीचे शेंदरी-पिवळे फूल पावसाळ्यात सगळ्यांना भुलवते. तिचा कंद अजाण माणसाला खाण्याच्या कंदासारखा वाटू शकतो. त्यात कोल्चिसीन असते आणि त्याची विषबाधा जीवघेणी ठरते. अळंबीचा धोका याहून फसवा. वारुळावर येणारी अळंबी, जिला गोव्यात गणपतीच्या आसपास मोठा भाव मिळतो, ती उत्तम अन्न आहे. पण ॲमानिटा कुळातल्या काही विषारी छत्र्यांमधले ॲमाटॉक्सिन शिजवून जात नाही. त्याची लक्षणे खाल्ल्यानंतर सहा तासांनी किंवा त्याहून उशिरा सुरू होतात. मग जुलाब थांबून बरे वाटू लागते आणि त्याच वेळी यकृत आतून निकामी होत असते. एप्रिल २०२२ मध्ये आसामात रानटी अळंबी खाल्ल्याने तेरा जणांचा मृत्यू झाला होता. हे लोक शहरी हौशी नव्हते, तर चहामळ्यांच्या परिसरातले, पिढ्यान्‌पिढ्या हिरवाईत राहिलेले होते. ‘चांदीचा चमचा काळा पडला तर विषारी’, ‘किड्याने खाल्ली असेल तर सुरक्षित’ असल्या कसोट्या सर्वस्वी खोट्या आहेत.

साधेपणाच्या ओढीचे जगभर गाजलेले उदाहरण अमेरिकेतले आहे. क्रिस्तोफर मॅककँडलेस हा चोवीस वर्षांचा तरुण १९९२ च्या वसंतात अलास्काच्या रानात एकटा राहायला गेला आणि ऑगस्टमध्ये उपासमारीने मेला. जॉन क्राकौर यांच्या ‘इन्टू द वाइल्ड’ या पुस्तकाने तो घराघरांत पोहोचवला. त्याने खाल्लेल्या रानटी बियांनी त्याला अशक्त केले का, यावर पुढे बराच वाद झाला. त्या वादाहून बोलकी गोष्ट वेगळी आहे. त्याच्याजवळ डेनाइना या स्थानिक आदिवासींच्या वनस्पतिज्ञानाचे पुस्तक होते. ज्ञान कागदावर होते. ते वापरणारी माणसे शेजारी नव्हती. त्याने एक मूस मारला, पण मांस टिकवता न आल्याने ते नासले. रानात स्वावलंबी असलेली माणसे एकटी नसतात. कुणाला कंद कळतात, कुणाला खेकड्याची बिळे, कुणाला मांस वाळवणे. त्यांचे स्वावलंबन हे गावाचे असते, एका माणसाचे नव्हे.

म्हणून नवख्याने काही नियम मोडूच नयेत. जाणत्या माणसाने हातात धरून दाखवलेली वनस्पतीच खावी. फोटो आणि मोबाइलवरचे ओळख सांगणारे ॲप हा पुरावा मानू नये. एका वेळी एकच नवी भाजी, तीही थोडी आणि शिजवूनच खावी. कंद, बिया आणि अळंबी यांच्या वाटेला जाऊच नये. ती विकत घ्यायची तर वर्षानुवर्षे ओळखीच्या विक्रेतीकडून घ्यावीत. खाल्ल्यानंतर उलट्या झाल्या तर घरगुती उतारे करत बसू नये. उरलेली भाजी पिशवीत घालून तिच्यासह रुग्णालय गाठावे.

भाजी कुठली, हेही तितकेच महत्त्वाचे. शिशाचे पेट्रोल भारतात २००० मध्ये बंद झाले, पण जमिनीत बसलेले शिसे सहजासहजी जात नाही. महामार्गाची कडा, रेल्वेचा रूळ, सांडपाण्याचा नाला, कारखान्याची मागची बाजू आणि नुकतेच तणनाशक फवारलेला बांध इथली भाजी कितीही हिरवीगार दिसली तरी घेऊ नये. जड धातू धुऊन किंवा शिजवून जात नाहीत.

तण कुणाला म्हणायचे?

रानभाजी म्हणजे घनदाट जंगलातली भाजी, हा आणखी एक गैरसमज. तिच्यातली अर्धीअधिक शेतात आणि शेताच्या कडेला येते. विदर्भात, मराठवाड्यात टाकळ्याला तरोटा म्हणतात. तरोटा, कुर्डू, घोळ, केना, तांदुळजा, पाथरी ही शेतकऱ्याच्या लेखी तणे. निंदणीला गेलेली बाई दिवसभर तण काढते आणि संध्याकाळी त्यातलेच निवडून ओटीत घालून घरी आणते. मजुरीचा रोख पैसा पुष्कळदा घरातल्या पुरुषाच्या हाती जातो; ओटीतली भाजी मात्र थेट चुलीवर जाते. पोषणाच्या कुठल्याही योजनेत न मोजला गेलेला हा पुरवठा आहे.

तणनाशकाने तो पुरवठा तुटतो आहे. मजूर मिळत नाहीत, निंदणीचा खर्च परवडत नाही, ही शेतकऱ्याची अडचण खोटी नाही. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात शेतकऱ्यांनी मान्यता नसलेले तणनाशक-सहनशील कापसाचे बियाणे जाहीरपणे पेरले, ते याच अडचणीपोटी. त्यांना गुन्हेगार ठरवून प्रश्न सुटत नाही. पण तणनाशकाच्या एका फवाऱ्याने शेतमजूर बाईची मजुरी आणि तिच्या घरातली भाजी अशा दोन्ही गोष्टी एकदम जातात, हा हिशेबही कुणीतरी मांडायला हवा. निदान बांध, गावठाण, गायरान आणि रस्त्याच्या कडा फवारणीतून वगळणे ग्रामपंचायतीच्या हाती आहे. ठराव एका सभेत होऊ शकतो.

जंगलातल्या भाजीची अडचण उलटी आहे. तिथे मागणीच जिवावर उठते. फोडशी ही सफेद मुसळीच्या गोतावळ्यातली. तिच्या एका जातीचे शास्त्रीय नावच मुंबईच्या बोरिवलीवरून पडले आहे. पाने खुडली तर जमिनीतली मुळे शाबूत राहतात आणि पुढच्या पावसात पुन्हा फुटतात. मुसळी म्हणून मुळे खणली की रोप संपते. शेवळ्याचे तर फुलोरेच खाल्ले जातात. एका टेकडीवरचे सगळे खुडले, तर त्या वर्षी तिथे बी धरणार नाही. मोहाची फुले वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळण्याच्या रीतीतून वणवे लागतात, हेही मान्य करायला हवे. परंपरेतले सगळेच निर्दोष नसते. पण परंपरेत लगामही होते. वारली समाजात हंगामातली पहिली कोवळी भाजी विधी झाल्याशिवाय तोंडात घालत नाहीत. त्यामागची श्रद्धा बाजूला ठेवली, तरी रोपाला उगवून स्थिरावायला तेवढे दिवस मिळतात, हा परिणाम उरतोच. सहलीला आलेल्या पन्नास जणांच्या पिशव्यांना असा कुठला लगाम आहे?

रान कुणाचे?

स्वावलंबनाच्या गप्पांत हा प्रश्न टाळता येत नाही. रान फुकट नाही; ते कुणाचे तरी आहे. वनहक्क कायदा २००६ ने आदिवासी आणि पारंपरिक वननिवासी समाजांना गौण वनउपज गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क दिला. त्यात बांबू, मध, मुळे, कंद, औषधी वनस्पती हे सगळे येते. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले. काय किती तोडायचे, हे तिथे गाव बसून ठरवते. जंगल राखायचे तर माणसे बाहेर काढावी लागतात, या जुन्या समजाला ते चोख उत्तर होते. हक्क हाती असला की राखण्याची जबाबदारीही माणसे घेतात. हक्क नसेल तर आज खुडले नाही तर उद्या दुसरा खुडेल, एवढेच उरते.

महोत्सवांकडे या नजरेने पाहावे. एक दिवसाचा मंडप, पाहुण्यांची भाषणे, पाककृतींना बक्षिसे आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच बाया रेल्वे स्थानकाबाहेर फडक्यावर जुड्या मांडून बसलेल्या, पालिकेच्या गाडीच्या धास्तीत. शहराला रानभाजीचे खरेच कौतुक असेल, तर जून ते सप्टेंबर या चार महिन्यांसाठी मंडईत तिच्यासाठी ओटे राखून ठेवावेत, त्यांच्यावर भाडे लावू नये. खर्च नगण्य, उपयोग दोघांनाही.

सरकारी ताटातही तिला जागा मिळू शकते. आदिवासी भागात गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचे चौरस जेवण देणारी अमृत आहार योजना २०१५ पासून आहे. अंगणवाडीतल्या त्या जेवणात स्थानिक, ओळखीच्या, सुरक्षित आठ-दहा पालेभाज्यांची हंगामवार यादी घालता येईल आणि ती गावातल्याच बचत गटाकडून विकत घेता येईल. शाळांच्या परसबागेत एक वाफा घोळ, तांदुळजा, अंबाडी, पाथरी यांचा ठेवता येईल. मुलांनी खायच्या पानाबरोबर न खायचे पानही ओळखायला शिकावे. कासविंदा, धोतरा, एरंड, कण्हेर, कळलावी ही पाच नावे चौथीतल्या पोराला तोंडपाठ असावीत. आजी-आजोबांना वर्गात बोलावून एक तास द्यावा. ज्या घरात आजीला चाळीस भाज्या ठाऊक आहेत आणि नातीला चार, तिथे दोन पिढ्यांत छत्तीस भाज्या रान शाबूत असतानाच नामशेष होतात. हा ऱ्हास कुठल्याही वनगणनेत दिसत नाही.

शहरात राहणाऱ्याने काय करावे? त्याने रानात पिशवी घेऊन जाण्याची गरज नाही. कुंडीत घोळ येते, जुन्या बादलीत अळू येतो, शेवग्याची एक फांदी सोसायटीच्या कोपऱ्यात रुजते. ओळखीच्या भाजीवालीला ‘मावशी, ही कशी करायची?’ एवढे विचारले, तर ती उभ्या उभ्या जे सांगेल ते बहुतेक पुस्तकांत नसते. तिने सांगितलेल्या भावात घासाघीस करू नये, कारण त्या जुडीमागे पहाटेची डोंगरातली पायपीट आणि तिच्या आईकडून आलेली ओळख असते. आठवड्यातून एकदा ओळखीची एक हंगामी भाजी नीट शिजवून, लिंबू पिळून, भाकरी आणि डाळीबरोबर खावी. आरोग्याला तेवढी पुरेशी आहे.

रानातले अन्न साधे दिसते, कारण त्यामागचे श्रम आणि शहाणपण ताटात दिसत नाहीत. साधे जगणे म्हणजे कमी जाणणे नव्हे. बाजारावर कमी विसंबायचे तर माणसाला पावसाचे, मातीचे, पानांचे आणि शेजाऱ्यांचे अधिक कळावे लागते. ते ज्यांना कळते ती माणसे अजून आहेत. येत्या काही पावसाळ्यांत त्यांना त्यांचे रान, त्यांचा भाव आणि ऐकणारे कान मिळाले, तरच पुढच्या पिढीच्या टोपलीत काही पडेल.